मेथी, मृदंग आणि एकोणतीसचा पाढा

मंगळावरच्या वसाहतीत दोन हरितघुमट होते, पूर्वेचा आणि पश्चिमेचा. बी तेच, पाणी तेच, उजेडही तोच. तरी पूर्वेची मेथी गुडघ्याला लागायची आणि पश्चिमेची घोट्याशीच अडायची.

"कारण उघड आहे," डॉ. सगुणा केळुसकर म्हणाल्या. "पूर्वेच्या घुमटात रोज संध्याकाळी मी हरिकीर्तन करते."

वसाहतप्रमुख डॉ. भडसावळ्यांनी कपाळाला हात लावला. "बाई, तुम्ही वनस्पतिशास्त्रज्ञ ना? मला तिथं पाण्याची टाकी बसवायचीय. कीर्तनानं मेथी वाढते हे सिद्ध करा, नाहीतर गाशा गुंडाळा."

सगुणाबाईंचं माहेर कोट्यवधी कोस मागे राहिलेलं, आणि त्या घटकाभराच्या नामगजरातच ते भेटायचं. पण बाई कीर्तनकाराच्या घरातल्या. शंका आधी आपल्याच तोंडानं काढायची, तीही अशी की उत्तर देताना घाम फुटावा, हे वडिलांनी शिकवलेलं. त्यांनी स्वतःच स्वतःला अडवलं. मेथी वाढते ती नामानं, की आणखी कशानं?

त्यांनी कीर्तनाचं ध्वनिमुद्रण पश्चिमेच्या घुमटात रोज वाजवलं. पीक निघालं. मेथी घोट्याशीच!

"माझं चुकलं, साहेब," त्या सरळ म्हणाल्या. "मेथीला कान नाहीत."

यंत्रज्ञ बाबू टिकेकर कळवळला. "अहो ताई, कशाला कबूल करता? मेथीनं काय तक्रार केली असती?"

"मेथी नसती बोलली रे, पण मला झोप लागली असती का?" मग त्यांनी कर्बमापक दाखवला. मंगळाच्या हवेत कर्बवायू भरपूर, पण विषारी धुळीमुळं ती आत घेता येत नाही; बंद घुमटातली झाडं आतला कर्बवायू पिऊन टाकतात आणि मग उपाशी राहतात. माणसं जमून गजर करतात, टाळ्या वाजवतात, की उच्छ्वासातून तो वायू झाडांना मिळतो. "आपला श्वास हाच मेथीचा प्रसाद."

भडसावळे उसळले. "मग देव कशाला? पाढे म्हणा! टाळ्यांसकट!"

हुकूम सुटला. रोज संध्याकाळी सारी वसाहत पूर्वेच्या घुमटात "एकोणतीस एके एकोणतीस" गर्जू लागली. बाबूनं मृदंगावर ठेकाही धरला. पीक निघालं आणि मेथी गुडघ्याला लागली.

"मान्य," सगुणाबाई म्हणाल्या. त्या टाळ पेटीत ठेवू लागल्या.

"थांबा," भडसावळे ऐटीत म्हणाले. "एकदाच जमलेला प्रयोग म्हणजे अफवा. पुन्हा जमला तरच विज्ञान. तोवर टाकी नाही. आणि या खेपेला हुकूमही नको. शास्त्र समजल्यावर लोक आपणहून येतील."

पहिल्या संध्याकाळी कुणाचा घसा बसला होता, कुणाची कामाची पाळी अचानक लागली होती. दुसऱ्या संध्याकाळी बाबू आला, पण तो मृदंग न्यायला. त्यानंतर रिकाम्या घुमटात भडसावळे एकटेच "एकोणतीस दाहे" म्हणत उभे असायचे. पीक निघालं ते घोट्याएवढंच.

शेवटी ते सगुणाबाईंना घुमटात गाठून म्हणाले, "निष्कर्ष काय, केळुसकरबाई?"

"श्वासानं मेथी वाढते, साहेब. नामानं नाही. ते पक्कं." बाईंनी टाळ हातात घेतले. "पण माणसं पुन्हा पुन्हा आपणहून श्वास घेऊन इथं यावीत, अशी रीत आजवर एकच सापडलीय."

"आजवर?"

"उद्या दुसरी सापडली तर टाळ मीच पेटीत ठेवीन. शोधत राहा तुम्ही."

टाकी गोदामामागं गेली. त्या संध्याकाळी घुमट गच्च भरला. पहिला गजर उठला तेव्हा बाबूनं मृदंगाआडून मागच्या रांगेकडं पाहिलं आणि डोळे विस्फारले.

"साहेब, तुम्ही? कीर्तनाला?"

"निरीक्षणाला आलोय," भडसावळे गुरकावले. कर्बमापक मांडीवर होता, पण उलटा. टाळी मात्र बरोबर समेवर पडत होती.