मारुती बुडाल्याचा फोटो

"खुर्चीला दोर बांध, साई. आजीला खुर्चीतूनच खाली न्यायचं," संतोषकाका म्हणाला.

छायाने जिन्यातून खाली वाकून पाहिलं. सकाळी चार पायऱ्या पाण्यात होत्या, आता नऊ. गणपतीच्या सुट्टीत ती आणि धाकटा भाऊ साई पंचवटीत आजीकडे हार ओवायला आले काय आणि गोदेला पूर आला काय! झेंडूचे क्रेट केव्हाच वाहून गेले होते. वीज नव्हती. पहिल्या मजल्यावर आजी, काका आणि ही दोघं सकाळपासून अडकून पडली होती. त्यात आजीच्या पायाला प्लास्टर.

"काका, गल्लीत छातीभर पाणी आहे. आजी हातातून सुटली तर?"

"इथे बसलो तर सगळेच जाऊ. हे वाच." काकाने मोबाइल पुढे केला. ओझरहून शुभांगीआत्याचा एसएमएस होता: 'दुतोंड्या मारुती बुडाला. धरण फुटलं. ताबडतोब घर सोडा.'

नाशिककर पूर मोजतात तो नदीतल्या या भल्यामोठ्या मारुतीच्या मूर्तीवरून. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, असं सांगतात. मारुतीच बुडाला म्हटल्यावर घरात कोण थांबणार? समोरच्या घरातला गेणूमामासुद्धा काकाचं ऐकून निघायच्या तयारीत होता.

तरी तिला एक गोष्ट खटकलीच. "आत्या ओझरला. तिला तिथून मारुती कसा दिसला?"

"तुझा शहाणपणा नंतर."

"पाच मिनिटं दे ना काका. पाचच."

फोन लागत नव्हता, एसएमएस तेवढे जात होते. बॅटरी संपत आली होती. छायाने आत्याला विचारलं, 'तुला कोणी सांगितलं?' उत्तर आलं, 'आमच्या राजने.' राज आत्याचा मुलगा, इंदिरानगरला खोली घेऊन कॉलेज करणारा. छायाने त्यालाही गाठलं. त्याचं उत्तर तिने मोठ्याने वाचलं.

"'ऑर्कुटवर फोटो आहे. खाली सगळे लिहितायत, धरण फुटलं असणार. फोटो खराच असेल, संतोषमामाने सकाळी टाकलाय. तो तर तिथेच राहतो.'"

"तो मागच्या पुराचा फोटो गं," काका म्हणाला. "सकाळी वीज जायच्या आधी सहज टाकला. म्हटलं, चार जण काहीतरी लिहितील. धरणाचं मी नव्हतं लिहिलं."

"म्हणजे तूच सोडलेली पुडी तुझ्याकडे आली आणि तूच घाबरलास?" साई खो खो हसला. छायाला मात्र हसू येईना. आज मारुती कुठवर बुडालाय, हे अजून कुठे कळलं होतं?

तिच्या वर्गातल्या पूजाच्या खिडकीतून नदी दिसायची. छायाने तिला विचारलं. पूजाने कळवलं, 'मारुतीच्या छातीला. दुपारपासून तेवढंच. पोलीस भोंग्यावरून सांगतायत, धरण शाबूत आहे, बाहेर पडू नका.' 'फोटो जुना आहे, सगळ्यांना सांग,' एवढं राजला कळवलं आणि मोबाइल बंद पडला.

छाया खिडकीशी धावली. गेणूमामा आपल्या धाकट्या पोराला, मंगळूला, खांद्यावर घेऊन पाण्यात उतरलासुद्धा होता.

"मामा, मागे फिर! धरण फुटलं नाही!"

"तुझा काकाच म्हणाला की, निघा म्हणून!"

छायाने वळून काकाकडे पाहिलं. गल्लीतल्या प्रत्येक खिडकीत माणसं होती. काकाची मान वर होईना. शेवटी तो खिडकीशी आला आणि ओरडून म्हणाला, "गेणूदादा, फोटो जुना होता. मीच टाकला. चूक माझी आहे, तू वर जा."

गेणूमामा दोन शिव्या घालून मागे वळला. तो घरात शिरून दोन पायऱ्या चढला असेल नसेल, तोच एक पत्र्याची टपरी गरगरत आली आणि त्याच्या दारावर आदळली. दाराची चौकट निखळून पाण्याबरोबर गेली. छाया डोळे मिटून खालीच बसली.

"लय मोठं काम केलंस, पोरी. काय घाबरायचं नाय आता," म्हणत आजीने तिला जवळ ओढलं.

पाणी ओसरायला संध्याकाळ झाली. गेणूमामा चिखल तुडवत वर आला आणि त्याने मंगळूला छायाच्या मांडीवर ठेवलं.

"हा आज आमच्यात आहे तो तुझ्यामुळे," तो म्हणाला.

"आणि नसता, तर माझ्यामुळे," काका हळूच म्हणाला.