घोरपड मागून का बसली?

घोरपड मागच्या बाजूने बसत चालली होती आणि तिची एकही स्प्रिंग तुटलेली नव्हती. गंमत म्हणा की कोडे, पण होते असे खरे.

घोरपड म्हणजे सातपुड्यातल्या उमरीघाटचा फिरता दवाखाना. विजेवर चालणारी, चारही चाकांना वेगळी मोटर असलेली गाडी. खडकाळ चढ ती चिकटून चढायची, म्हणून पाड्यावरच्या मुलांनीच तिला हे नाव दिले होते. तेजलची आई, रमिला वसावे, या दवाखान्याची परिचारिका. गाडीही तीच चालवायची.

त्या सकाळी आई केलापाड्याहून परतली ती गंभीर चेहऱ्याने. ओढा ओलांडताना गाडीचे पोट खडकावर आपटले होते. खालच्या बॅटरीच्या कवचाला लांब चरा पडला होता.

"थोडक्यात वाचले," आई म्हणाली. "कवच फुटलं असतं तर गाडी तिथेच अडकली असती. आणि तिकडे कुंताला जुळं आहे. बाळं दिवस भरायच्या आत येणार असं दिसतंय. त्यांना आणायचं कसं?"

गाडी थेट आजोबांच्या कार्यशाळेत गेली. आईचे वडील, दामजी आजोबा, पूर्वी चंद्रावर फिरणाऱ्या गाड्यांची चाके तयार करत. निवृत्त झाल्यावर ते गावी परतले होते. त्यांच्या मदतीला घण्या नावाचा चार हातांचा यंत्रमानव होता.

तेजल गाडीखाली सरकली आणि धुळीने माखून बाहेर आली.

"आजोबा, स्प्रिंगा तर धडधाकट आहेत. मग गाडी बसली कशी?"

"तुला काय वाटतं?"

"मऊ पडल्या असतील. आपण सगळ्यात ताठ स्प्रिंगा घालू. मग बसायचं नावच नको!"

"ताठ स्प्रिंग कमी दबते. तेजलताईंचं म्हणणं बरोबर आहे," घण्या म्हणाला.

आजोबांनी हनुवटी खाजवली. "बरं, घालून बघू. पण आधी रुग्णाशिवाय एक फेरी मारायची. उबपेटीत बाहुली ठेवून."

उबपेटी (लवकर जन्मलेल्या बाळाला ऊब देणारी काचेची पेटी) याच वर्षी गाडीत बसवली होती. तेजलने तांदूळ भरून बाळाच्या वजनाची कापडी बाहुली केली आणि तिच्या पोटाला धक्कामापक (धक्का किती जोराचा बसला ते दाखवणारे उपकरण) बांधला. हिरवा दिवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे जपून, तांबडा म्हणजे बाळाला धोका.

घण्याने नव्या स्प्रिंगा बसवल्या. घोरपडीची पाठ एकदम वर आली. तेजलने टाळ्या वाजवल्या.

त्या टाळ्या पहिल्या दगडापर्यंतच टिकल्या. चाक दगडावर चढले आणि गाडीने अशी काही उसळी घेतली की तेजलचे दात एकमेकांवर आपटले. तांबडा दिवा! पुढे खड्डा आला, तर मागचे एक चाक खड्ड्यात उतरेचना, नुसते हवेत फिरत राहिले. तिरक्या उतारावर गाडी एवढी कलली की आईने ती थांबवून सगळ्यांना खाली उतरवले.

तेजलने पेटीत डोकावून पाहिले. बाहुली एका कोपऱ्यात तोंडावर पडली होती. हिच्या जागी खरे बाळ असते तर?

कार्यशाळेत परतल्यावर तिने ताठ स्प्रिंगा काढायला घेतल्या. आजोबांनी एक जुनी स्प्रिंग उचलून दाबयंत्रात ठेवली.

"चूक बाळाआधी बाहुलीवर कळली, हे काय कमी आहे? इकडे ये. यावर शंभर किलो वजन ठेवलं. किती दबली?"

"चार सेंटिमीटर."

"दोनशे ठेवले तर?"

"आठ. मग तीनशेला बारा!"

"बरोब्बर. वजन जेवढ्या पट, दबणं तेवढ्या पट. याला हूकचा नियम म्हणतात. आता सांग, एक सेंटिमीटर दाबायला किती किलो लागले?"

"पंचवीस."

"ही या स्प्रिंगेची ताठरता (स्प्रिंग ठरावीक अंतर दाबायला लागणारा जोर). तू निवडलेल्या स्प्रिंगेची ताठरता आहे पन्नास. समज, दगडावर चढून चाक तीन सेंटिमीटर वर आलं. जुनी स्प्रिंग गाडीला किती जास्त जोराने ढकलेल?"

"पंचवीस त्रिक पंच्याहत्तर. आणि माझी... दीडशे! दुप्पट!" तेजल थबकली. "तो सगळा जोर पेटीला बसला."

"आणि खड्ड्यात चाक का उतरलं नाही? स्प्रिंग वजनाने आधीच थोडी दबलेली असेल, तरच खड्डा आल्यावर ती लांब होऊन चाकाला खाली पोचवते. तुझी फारशी दबलीच नव्हती."

"म्हणजे जास्त मऊ घातली तर पोट घासतं, जास्त ताठ घातली तर बाळ हादरतं," तेजल पुटपुटली. "मग किती ताठ घालायची?"

"ते स्प्रिंगेला विचारून कळत नाही. गाडीला विचार."

तेजलने गाडीकडे पाहिले आणि मग आईकडे. "आई, गाडी नवी होती तेव्हापासून तू तिच्यात काय काय वाढवलंस? कायमचं?"

आई विचार करू लागली. "उबपेटी. तिची वेगळी बॅटरी. प्राणवायूच्या टाक्या. सगळं मागेच. दोनशे किलो तरी असेल."

"दोन स्प्रिंगांत वाटून शंभर-शंभर. म्हणजे चार सेंटिमीटर! पण गाडी तर सहा सेंटिमीटर बसली आहे. उरलेले दोन कुठले?"

घण्याने त्याच प्रकारची कोरी स्प्रिंग आणून जुन्या स्प्रिंगेशेजारी उभी केली. जुनी दोन सेंटिमीटर बुटकी होती.

"वर्षानुवर्षं दबून पोलाद थकतं आणि पुन्हा पूर्ण उंचीला येत नाही," आजोबा म्हणाले. "मोडत नाही, पण बसकं होतं."

"चार आणि दोन, सहा!" तेजलचा चेहरा उजळला. कोडे सुटले होते. आता निवड उरली होती.

मांडणीवर स्प्रिंगा हारीने उभ्या होत्या. तेजलने तीस ताठरतेची एक उचलली. ती जुन्या प्रकारच्या कोऱ्या स्प्रिंगेपेक्षा तीन सेंटिमीटर लांब होती.

"आता प्रत्येक मागच्या स्प्रिंगेवर आधीचे चारशे आणि वाढलेले शंभर, असे पाचशे किलो आहेत. पाचशे भागिले तीस, म्हणजे साधारण सतरा सेंटिमीटर दबणार. गाडी नवी असताना जुनी स्प्रिंग चारशे किलोंना सोळा दबायची. एक सेंटिमीटर गेला, तीन मिळाले. गाडी नवी होती त्यापेक्षा दोन सेंटिमीटर उंच!"

"ही दहा सेंटिमीटर जास्त लांब आहे. अजून उंच होईल," घण्याने दुसरी पुढे केली.

"नको," तेजल ठामपणे म्हणाली. "उतारावर कलेल. उंची वाढली की गुरुत्वमध्य (सगळं वजन जिथे एकवटल्यासारखं वागतं ती जागा) वर जातो. हो ना, आजोबा?"

आजोबांनी पाना घण्याच्या हातात दिला. त्याच मापाला जुळणारे शॉक अॅब्सॉर्बर (स्प्रिंगेचे झुलणे आवरणारे भाग) त्यांनी स्वतः काढले. पुन्हा बाहुली, पुन्हा तोच दगड, तोच खड्डा, तोच उतार. दगडावर दिवा पिवळा झाला आणि लगेच हिरव्यावर आला. खड्ड्यात चाक नीट उतरले आणि उतारावर गाडी फारशी कलली नाही.

दोन दिवसांनी केलापाड्याहून निरोप आला. कुंताची बाळे जन्मली होती. मुलगा ठीक होता, पण मुलगी फारच लहान होती, तिला लगेच तालुक्याच्या दवाखान्यात हलवायला हवे होते.

आईने तेजलला सोबत घेतले. परतताना कुंता मुलाला छातीशी धरून बसली होती. मुलगी उबपेटीत होती, तळहाताएवढ्या टोपीत डोके खुपसून. धक्कामापक आता पेटीलाच लावला होता आणि तेजलची नजर त्याच्या दिव्यावरून हलत नव्हती.

ओढा आला. आईने गाडी अगदी हळू पाण्यात घातली. एक खडक, दुसरा खडक. गाडीचे पोट घासल्याचा आवाज येतो का, ते तेजल कानात प्राण आणून ऐकत होती. आवाज आलाच नाही. दिवा एकदा पिवळा झाला. बाळाने ओठ मुडपले, जांभई दिली आणि ते पुन्हा झोपले.

पलीकडच्या चढावर कुंताने पहिल्यांदा तोंड उघडले. "ताई, हा रस्ता कधी नीट केला?"

"रस्ता तोच आहे गं," आई म्हणाली आणि आरशातून तेजलकडे बघून हसली.

दवाखान्यात डॉक्टरांनी मुलीला तपासले. "वेळेत आली, आणि न हादरता आली," ते म्हणाले. "आता वाढेल."

पुढच्या आठवड्यात पलीकडच्या डोंगरावरून कार्यशाळेत फोन आला. तिकडची फिरती शाळाही मागून बसू लागली होती. "तुमच्या घोरपडीला बसवल्यात, अगदी तशाच स्प्रिंगा पाठवा," त्या शाळेचे मास्तर म्हणाले.

आजोबांनी फोन तेजलकडे दिला.

"पाठवू, मास्तर," ती म्हणाली. "पण आधी सांगा, तुमच्या गाडीत रोज काय काय असतं?"