आल्यापासून बघत होते

सुचित्राची कोपरखैरण्याला खानावळ. एकदा घाऊक बाजारातला तिचा नेहमीचा कांद्याचा गाळा बंद होता, म्हणून ती पलीकडच्या गाळ्यावर गेली. तिथे गोण्या शिवणारा नंदकुमार भेटला. पुढच्या आठवड्यात नेहमीचा गाळा उघडला, तरी तिचे पाय पलीकडेच वळले.

"एवढ्या लांबून कांद्यासाठी येता?" तो विचारायचा.

"मग काय, तुमच्यासाठी?"

"मी कुठं तसं म्हणालो..." आणि मान खाली घालून हसायचा.

आज चहाचा ग्लास पुढे करताना तो तोंडाच्या एकाच कोपऱ्यातून हसला.

"चारचौघांत असं हसतात का?" ती लटक्या रागाने म्हणाली.

त्याने उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण शब्द लडखडले. ग्लास हातातून सुटला आणि तो गोण्यांवर कलंडला.

"फिट आली! कांदा हुंगवा रे!" माथाडी हौसेराव ओरडला. कुणी कांदा फोडून नाकाशी धरला, कुणी साखरपाणी आणलं.

"काही पाजू नका!" सुचित्रा किंचाळली. "तोंड वाकडं झालंय, दिसत नाही? गाडी बोलवा!"

तिच्या मामाला असंच झालं होतं. घरच्यांनी 'बरं वाटेल' म्हणत दुपारपर्यंत वाट पाहिली होती.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी नंदकुमारला दोन्ही हात उचलायला सांगितले. डावा वर राहिला. उजवा हळूहळू खाली आला... बोटाला टोचून साखर बघितली आणि त्याला सीटी स्कॅनच्या खोलीत नेलं. दार बंद झालं.

त्याचं स्ट्रेचर बाहेर आलं.

"मेंदूत रक्तस्राव नाही, गुठळी दिसतेय," डॉक्टर म्हणाले. "ती विरघळवायचं इंजेक्शन आहे. पण त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येतं. हे शेवटचे ठीक कधी होते?"

"पहाटे ट्रक उतरवताना धड होता," हौसेराव म्हणाला. "मग मी दुसरीकडं गेलो."

"पहाटे? मग उशीर झाला."

"नाही!" सुचित्रा पुढे झाली. "नऊनंतरही ठीक होते. दोन्ही हातांनी सुतळी ओढून गोणी शिवत होते. हमालाशी नीट बोलले. चहा आला, त्यानंतर झालं."

"नक्की? चूक झाली तर जिवावर बेतेल. मधे तुमचं लक्ष गेलं असेल..."

"नाही गेलं." ती ठामपणे म्हणाली. "मी आल्यापासून बघत होते. त्यांच्याकडेच."

हौसेरावाने नजर वळवली. नंदकुमारने मात्र डोळे उघडले.

ओतूरला राहणाऱ्या त्याच्या भावाने फोनवर होकार दिला आणि इंजेक्शन सुरू झालं. मग मानेतल्या आणि मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचा स्कॅन झाला. दर थोड्या वेळाने नर्स तेच सांगायची... हसा, हात उचला. उजवा हात अजून वर राहत नव्हता. सुचित्रा खाटेशी उभी होती.

"रोज... बघायचीस?" तो बोबडा बोलला.

"हो."

"सांगायचंस... ना."

"तुम्ही विचारायचंत!" म्हणताना तिला रडू आलं. तिने त्याचा उजवा हात हातात घेतला.

"दाबा बघू यांचा हात," नर्स म्हणाली.

काहीच झालं नाही. मग तिच्या तळव्याला त्याचं एक बोट टेकलं. सुटलं. पुन्हा टेकलं, आणि या वेळी तिथेच राहिलं.

"मॅडम, आता बाहेर थांबा."

"एक मिनिट," सुचित्रा म्हणाली, "यांनी धरलंय मला."