बंद स्वयंपाकघरातला वास

शिंपीण खुर्चीवर बसलीच नाही. तिने पिशवीतून एक जाड नाडी काढली आणि टेबलावर ठेवली.

"ही माझ्या आईच्या कमरेची. हिला स्वयंपाकघराची किल्ली बांधलेली असायची. आईला घरी आणलं तेव्हा नाडी होती, किल्ली नव्हती."

मामांनी नाडी उचलून पाहिली. "पडताना तुटली असेल."

"तुटलेल्या दोऱ्याचं टोक पिंजतं, मामा. हे बघा, सरळ आहे. कापलंय कुणीतरी."

मामांनी नाडी परत टेबलावर ठेवली. ते निवृत्त कंपाउंडर. भाचीने खाजगी तपासाचं काम सुरू केलं तेव्हापासून ते तिच्याबरोबर हिंडत आणि दर प्रकरणात तिच्या मागे राहत. आताही भाची नाडीकडे नाही, शिंपिणीच्या चेहऱ्याकडे पाहत होती.

"पहिल्यापासून सांगा," ती म्हणाली.

शिंपिणीची आई टेकडीवरच्या वजन उतरवण्याच्या केंद्रात स्वयंपाकीण होती. वर्षामागे डॉक्टरांनी तिथलं जेवणच बंद केलं. दिवसातून तीनदा प्रोटीन पावडरचा पेला, बाकी काही नाही. स्वयंपाकघराला कुलूप लागलं, म्हातारी राखणीला उरली. एका दुपारी सगळे विश्रांतीला गेलेले असताना ती तळघराच्या पायऱ्यांखाली मरून पडली. पाय घसरला, असं ठरलं.

"आणि आता लोक म्हणतात, दुपारी त्या बंद खोलीतून उकडलेल्या बटाट्यांचा वास येतो. झाकणं वाजतात. म्हणे आईच येते." शिंपिणीने नाडी मुठीत घेतली. "जिवंतपणी राबली ती राबली. मेल्यावरही तिला चुलीपुढंच उभी केलीय त्यांनी."

दुसऱ्या दिवशी सकाळीच मामा आणि भाची टेकडीवर पोचले. इमारत दगडी, लांबट, खिडक्या उंचावर. दालनात पावडरच्या डब्यांची रास रचलेली आणि प्रत्येक डब्यावर एकाच माणसाचे दोन फोटो: एकात तो फुगलेला, दुसऱ्यात सडपातळ आणि हसरा.

"माझा धाकटा भाऊ," डॉक्टर म्हणाले. ते स्वतः इतके वाळले होते की शर्टाची कॉलर मानेभोवती सैल फिरत होती. "वर्षभर आम्ही दोघंही पावडरशिवाय काही घेतलेलं नाही. लोकांना सांगायचं तर आपण आधी करायला हवं. तपास करा, माझी हरकत नाही. तो वास मलाही येतो. मी विज्ञान शिकलेला माणूस, पण हल्ली त्या बोळातून जाताना पाय उचलत नाहीत."

"म्हातारीशी तुमचं भांडण होतं?"

"होतं. ती म्हणायची, डॉक्टर, तुमची माणसं उपाशी आहेत. मी तिला सांगायचो, प्रोटीननं भूक मरते. मरतेच हो. फक्त..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "ती मला नेहमी अहो-जाहो करायची. भांडतानासुद्धा."

केंद्रात त्या वेळी दोनच पाहुणे उरले होते. शिक्षिका जिन्यात बसून कोरडी नखं कुरतडत होती.

"ती गेली त्याच्या आदल्या दुपारी मी तिचा आवाज ऐकला," ती म्हणाली. "स्वयंपाकघराचं दार बंद होतं. आतून ती म्हणत होती, 'उद्या तू सांगतोस, की मी सांगू?' कुणाला, ते दिसलं नाही. मी आपली निघून गेले. थांबले असते तर वासानं वेडी झाले असते."

दुसरा पाहुणा बॉक्सर. स्पर्धेसाठी त्याला वजन घटवायचं होतं. त्याने सरळ कबुली दिली.

"एकदा चोरी करायला गेलो होतो. म्हातारीनं पळीनं हात शेकला. मग स्वतःच एक बटाटा दिला न् म्हणाली, पळ मेल्या." तो हसला आणि पुढच्याच क्षणी त्याचे डोळे भरले. "तळघरात डबे आणायला गेलो तेव्हा मलाच सापडली ती."

"तेव्हा स्वयंपाकघर?"

"कुलूपबंद."

धाकटा भाऊ मात्र मोकळेपणी बोलला. डब्यावरच्या फोटोसारखाच हसरा. आगपेटीतल्या काडीचं टोक दाढेत फिरवत त्याने सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली. त्या दुपारी तो आपल्या खोलीत झोपला होता. म्हातारी मायाळू होती. भुताखेतांवर त्याचा विश्वास नव्हता. उपाशी माणसाला कशाचेही वास येतात, असं त्याचं मत.

"तुम्हाला नाही येत?" भाचीने विचारलं.

"मला भूकच लागत नाही," तो म्हणाला आणि काडी मोडून टाकली.

न्याहारीला मामांनी पावडरचा पेला घेतला होता. गोड, दाट, पोट गच्च झालं होतं. पण दुपार चढायच्या आतच त्यांच्या पोटात कावळे ओरडू लागले. विश्रांतीच्या वेळी ते खोलीत आडवे झाले. सगळी इमारत मुकी झाली होती.

आणि मग वास आला.

उकडलेला बटाटा. मीठ. पाघळणारं लोणी. बोळाच्या टोकाकडून एक झाकण हलकेच वाजलं. मामांच्या अंगावर सर्रकन काटा आला. तोंडाला पाणी सुटलं होतं आणि त्याच तोंडाला भीतीनं कोरडही पडली होती. उठून पाहावं असं त्यांना वाटलं, पण ते पांघरूण डोक्यावर ओढून पडून राहिले.

"उठला का नाहीत?" शेजारच्या गावातल्या फौजदारांना भेटून आलेल्या भाचीने नंतर विचारलं.

"ती आत असती तर, पोरी?"

"तर तिलाच विचारलं असतं, कुणी ढकललं म्हणून."

मामा ओशाळले. मग त्यांनी आपला तर्क मांडला. "हे काम बॉक्सरचं. म्हातारी त्याला तू म्हणायची, चोरी त्यानं केली, प्रेत त्यालाच सापडलं."

"आणि तो उपाशी आहे," भाची म्हणाली. "म्हणूनच तो नव्हे."



दुसऱ्या दिवशी न्याहारीला तिने सर्वांदेखत सांगितलं की, आम्ही दुपारी गावात जाऊन येतो. दोघं फाटकाबाहेर पडली आणि मागच्या अंगणाने परत आली. विश्रांती संपल्याची घंटा झाली तेव्हा बोळात भाची, मामा, फौजदार, शिंपीण आणि एक किल्लीवाला उभे होते. एकेक जण बोळात येऊन थबकला.

"हे काय चाललंय? मी तुम्हाला परवानगी दिली म्हणजे..." डॉक्टर बोलू लागले.

किल्लीवाल्याने दार उघडलं. गरम, दाट वास बोळात लोटला. आत शेगडीवरच्या पातेल्यातून अजून वाफ येत होती.

शिक्षिकेने भिंत धरली. बॉक्सर नकळत दाराकडे सरकला. डॉक्टरांचं वाक्य अर्ध्यावरच राहिलं. त्यांचा कंठमणी वर गेला, खाली आला, आणि लाजेने त्यांनी तोंड फिरवलं.

धाकट्या भावाने घड्याळात पाहिलं.

"भूत बटाटे उकडत नाही," भाची शांतपणे म्हणाली. "कुलूप शाबूत आहे, म्हणजे आत येणाऱ्याकडे किल्ली आहे. ती किल्ली म्हातारीच्या कमरेला होती आणि नाडी कापून नेलेली आहे. जो इथे जेवतो, तो त्या दुपारी तिच्याजवळ होता."

ती बोळाच्या मधोमध आली.

"म्हातारी म्हणाली होती, 'तू सांगतोस, की मी सांगू?' डॉक्टरांना ती अहो म्हणायची. म्हणजे बोलणं बॉक्सरशी होतं किंवा धाकट्या भावाशी. आता दोघांकडे बघा. डॉक्टर, तुमची पावडर खोटी नाही. ताकद देते, थोडा वेळ पोटही धरते. पण प्यालेलं पोटातून लवकर उतरतं. चावून खाल्लेलं रेंगाळतं. एका पेल्यानं मामांचं काय झालं ते मी पाहिलं. त्यावर महिनोन् महिने काढलेला माणूस या वासापुढे उभा राहू शकत नाही. तुम्ही तिघं राहू शकला नाहीत. एकट्याला काहीच झालं नाही, कारण तो आत्ताच पोटभर जेवून आलाय."

"हा काय पुरावा झाला?" धाकटा हसत म्हणाला.

"काल तुम्ही दाढ कोरत होता. वर्षभर फक्त पेले पिणाऱ्याच्या दाढेत अडकतं काय? आजही जेवून निघालात तेवढ्यात घंटा झाली. किल्ली लपवायला वेळ मिळालेला नाही. खिसे उलटे करा."

फौजदार पुढे झाले, पण गरज पडली नाही. धाकट्याने स्वतःच खिशातून किल्ली काढली. तिच्या कडीत नाडीचा कापलेला तुकडा अजून होता.

"दादा," तो डॉक्टरांकडे वळला, "मला पहिल्याच महिन्यात सहन होईना. तिला दया आली, ती मला वाढू लागली. त्यानंच मी बारीक झालो. साधं जेवण, पोटभर, वेळेवर. पण डब्यांवर माझा चेहरा छापून गेला होता. तू स्वतः वाळत चालला होतास, तेव्हा ती म्हणाली, भावाला खरं सांग, तो मरेल. मी नाही म्हणालो. ती तुझ्या खोलीकडे निघाली. मी वाटेतल्या तळघराच्या पायऱ्यांपाशी दंड धरला, तिनं हिसडा मारला..."

"आणि तू सोडलंस," भाची म्हणाली.

त्याने मान खाली घातली.

डॉक्टर भिंतीला टेकत टेकत खाली बसले. कुणीतरी पाणी आणलं, ते त्यांनी घेतलं नाही.

फौजदारांनी धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा इतका वेळ मुकी असलेली शिंपीण पुढे आली.

"एकच सांग. आई जेवली होती का त्या दिवशी?"



"दोन ताटं वाढली होती तिनं," तो म्हणाला. "भांडण झालं तेव्हा तिनं अजून घास घेतला नव्हता. ती पडल्यावर मी नाडी कापून किल्ली घेतली आणि वर आलो. भरलेलं ताट कुणी पाहिलं असतं तर कळलं असतं. म्हणून..." त्याने शिंपिणीवरची नजर काढली. "म्हणून तिचंही मी बसून संपवलं."