चॅपलकडच्या गोलमधले बाबा

ही गोष्ट खरी आहे. मी स्वतः तिथे उभी होते. पटत नसेल तर इथेच थांबा, पण वाचून झाल्यावर "छान रचलंय" म्हणू नका. माझं डोकं आधीच फिरलेलं आहे.

भुतं म्हणे रात्रीची येतात. आमच्याकडे जे झालं ते भरदुपारी झालं. जानेवारीतला शनिवार, इंग्लंडमधल्या डरहॅमच्या कोळशाच्या खाणपट्ट्यातलं आमचं ब्रॅकनहोप गाव, आणि आमच्या फुटबॉल क्लबचं मैदान. दोनेकशे माणसं हजर होती.

क्लब एवढासा. मोठ्या स्पर्धेत आम्ही दुसरी फेरी कधी पाहिली नाही. पण हे मैदान माझ्या आजोबांच्या पिढीने हातांनी केलंय. खाणीच्या काळ्या कचऱ्यावर गवत धरत नव्हतं. मग खाणीतली पाळी संपली की ही माणसं तशीच, काळ्या तोंडांनी, नदीकाठची माती ढकलगाड्यांतून आणायची. पुढे खाण बंद पडली, दुकानं बंद पडली, मैदानाशेजारचं छोटं चर्च, आमचं चॅपल, त्यालाही कुलूप लागलं. क्लब तेवढा टिकला.

आणि आमच्यात एक रीत आहे. क्लबचा माणूस गेला की त्याची राख मैदानात पुरायची. जो जिथे खेळला तिथे.

माझे बाबा, क्लेम रेस्ट्रिक, गोलकीपर होते. ते चॅपलकडच्या गोलमध्ये आहेत.

होते...

आई दर सामन्याला त्या गोलच्या मागे, कठड्याला धरून उभी राहायची. बाबांशी बोलायची. गुडघा दुखतोय, कोळसा महागलाय, शेजारीण पुन्हा भांडली. आणि निघताना मला बजावायची, "पोरी, मी गेले की मला याच्या शेजारीच ठेव. दुसरीकडे ठेवलंस तर बघ!"

शेवटची दोन वर्षं तिला डोळ्यांनी फक्त उजेड-अंधार कळायचा. पण ती जागा तिला बरोबर सापडायची.

मागच्या उन्हाळ्यात मी लेकीच्या बाळंतपणाला व्हिटबीला गेले होते. परत आले तर मैदानावर हिरवागार प्लास्टिकचा गालिचा.

माझा धाकटा भाऊ गॉर्डन क्लबचा अध्यक्ष आहे. तो छाती फुगवून उभा. "काय बेरिल, कसं झालंय? आता पावसाने एकही सामना रद्द होणार नाही."

"खालची माती कुठे गेली?"

"फूटभर काढावी लागली. कंत्राटदार घेऊन गेला. टेकडीवरच्या नव्या वसाहतीत बागांना हवी होती."

"गॉर्डन... बाबा?"

त्याने आधी गालिच्याकडे पाहिलं, मग टेकडीकडे.

समितीत सात माणसं. सातही जणांचे बाप त्या मातीत. निचरा कसा होईल यावर चर्चा केली, गवताची हिरवी छटा कोणती यावर मतदान केलं. पण एकाही दीडशहाण्याला आपला बाप आठवला नाही! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"अगं, चुकलं," तो म्हणाला. "आता काय करू? लोकांच्या बागेत चाळणी घेऊन बसू?"

"बस! बसायलाच पाहिजे तू!"

"हळू बोल. आणि आईला सांगू नकोस. तिला कुठे दिसतंय? कळणारसुद्धा नाही."

हे ऐकून मी त्याच्या कानाखाली वाजवणारच होते. जनाची नाही तर मनाची तरी? मी म्हटलं, तुझ्या तोंडाने तूच सांगायचंस, नाताळच्या आत. नाताळ गेला. साहेबांना धीर होईना. गालिचा आला तरी मैदानाचं उरलेलं काम लांबलं होतं, घरचे सामने शेजारच्या गावात चालले होते, म्हणून त्याचं फावलं.

मग तो शनिवार आला. नव्या गवतावरचा पहिला सामना.

धुकं इतकं, की पलीकडचा गोल दिसत नव्हता. आई तिच्या जागेवर जाऊन उभी राहिली.

"काय रे क्लेम, किती दिवसांनी..."

आणि ती थांबली. मान तिरकी करून ऐकत राहिली.

"बेरिल, इथे रबराचा वास का येतोय?"

मी गॉर्डनकडे पाहिलं. तो घाईघाईने म्हणाला, "पोरांचे बूट नवे आहेत ना आई, त्याचा."

खोटारडा!

सामन्याआधी वर्षभरात गेलेल्यांसाठी आम्ही मिनिटभर शांत उभे राहतो. पंचाने शिट्टी वाजवली. टोप्या उतरल्या. सगळं चिडीचूप.

आणि त्या शांततेत...

पचक.

चिखलातून बूट उपसल्यावर होतो तसा आवाज.

पचक... पचक...

गवत प्लास्टिकचं. खाली रबर. चिखल येणार कुठून?

आवाज चॅपलकडच्या गोलमधून येत होता. आमचा गोलकीपर डेक्लन चांगला धिप्पाड गडी, पण तो स्वतःच्या पायांकडे बघत मागे सरकला. आवाज त्याच्या बुटांचा नव्हता.

मग मधल्या वर्तुळातून दुसरा आवाज आला. मग उजव्या कडेने. मग... सगळीकडून.

दिसत काहीच नव्हतं. ओल्या मातीचा वास तेवढा अंगावर आला. आवाज आमच्या दिशेने सरकू लागले आणि कुणी काही न सांगता कठड्याजवळची माणसं बाजूला झाली. वाट दिली. आमच्या मधून ते गेले... माझी उजवी बाजू बर्फासारखी गार पडली. फाटक बंद होतं. तरी आवाज पलीकडच्या रस्त्यावर पोचले. तिथून टेकडीच्या चढावर... आणि विरले.

पंचाने पुन्हा शिट्टी फुंकली. त्याचे गाल फुगलेले मी पाहिले.

आवाज आला नाही.

डेक्लनने चेंडूला लाथ मारली. आवाज नाही. माणसं तोंडं उघडून काहीतरी ओरडत होती. तेही ऐकू येईना. कान गेले असं वाटलं मला.

एवढ्यात शेजारून आईचा आवाज आला. तेवढा एकच, स्वच्छ.

"निघून गेले सगळे."

मग ती वळली, आणि बाकीचे आवाजही परत आले. "गॉर्डन, कुठे गेले रे ते?"

त्याने सांगितलं. तिथेच, सगळ्यांसमोर, रडत रडत. आई रडली नाही.

"तुझ्या बापाने उभा जन्म हा गोल सांभाळला," ती म्हणाली. "तुला त्याच्यावरची माती सांभाळता आली नाही? आता मला इथे ठेवायचं नाही. तो असेल तिथे ठेवा."

सामना खेळला गेला. कोण जिंकलं ते मी पाहिलं नाही.

आई मार्चमध्ये गेली. गॉर्डन म्हणाला, कठड्यावर पितळी पाटी लावू. मी म्हटलं, पाटी तुझ्या कपाळावर लाव! आईची राख माझ्या घरी आहे. आणि मी त्या वसाहतीत दारोदार फिरू लागले, तुमच्या बागेत आमच्या मैदानाची माती आहे का, विचारत.

पहिल्याच घरी एक माणूस गाडी धूत होता. माझा प्रश्न ऐकून वैतागला.

"पुन्हा? आत्ताच तर तुमच्या आजींना सांगितलं."

"कोणत्या आजी?"

"त्याच, डोळ्यांनी दिसत नाही त्या. माझा नवरा तुमच्याकडे आहे का, विचारत होत्या. अशा म्हाताऱ्या माणसाला एकटं सोडता कसं हो तुम्ही?"

पुढच्या घरीही तेच. त्याच्या पुढच्या घरी बाई म्हणाली, "आत्ताच गेल्या, बघा, वळणावर असतील." मी धावले...

वळणावर कुणी नव्हतं.

त्यानंतर मी बऱ्याचदा गेले. ज्या दारात जाते तिथे ती आधीच येऊन गेलेली असते. कुणाच्या बागेत बाबा सापडले, असं अजून कुणी म्हणालेलं नाही.

गॉर्डनला सांगितलं तर म्हणतो, डोकं तपासून घे. मग गेल्या शनिवारी त्याला कॉलरला धरून टेकडीवर नेलं. म्हटलं, चल, स्वतःच्या कानांनी ऐक. एका घराची घंटा वाजवली. एका अनोळखी बाईने दार किलकिलं केलं. आमचं नाव-गाव मी अजून सांगितलंही नव्हतं.

ती माझ्याकडे बघून हसली. मग तिची नजर त्याच्याकडे गेली.

"तुम्ही गॉर्डन का?"

"हो... तुम्हाला कसं माहीत?"

"त्या आजी सांगून गेल्यात," ती म्हणाली. "गॉर्डन आला तर त्याला आत घेऊ नका."

आणि तिने दार लावून घेतलं.