लाल फितीची पानं

तो मला प्रथम दिसला तो पाठमोरा — हातात कोयता, आणि खांद्यावर माझ्या चार वर्षांच्या कष्टांची हिरवीगार मोळी.

उलुआ नदीवरून आलेला डिसेंबरचा पाऊस केळीच्या मळ्यात हलकेच वाजत होता. "थांबा!" मी किंचाळले.

तो वळला, आणि चक्क हसला. "नाताळ आलाय, इंजिनिअरबाई. आईला मक्याच्या पिठाचे नाकातमाल बांधून उकडायला पानं हवीत. तुम्हीच तर लाल फिती बांधून ठेवल्यात!" शेतीत संशोधन करणाऱ्यांनाही इथं इंजिनिअरच म्हणतात.

"तुमच्यासाठी?"

"चर्चच्या मळ्यात फीत असलेलं पान ज्याला हवं त्यानं न्यावं. मला वाटलं, इथंही..."

"इथं नाही!" संतापानं माझा आवाज फाटला. "ही सगळी झाडं एकाच आईबापाची भावंडं आहेत. नव्या पानाचा पोंगा उलगडला की फीत बांधायची, आणि त्या पानावर करपा किती दिवसांनी उमटतो ते पाहायचं. रोगाला तोंड देणारा गुण गुणसूत्रावर नेमका कुठं दडलाय, त्याचा नकाशा त्यातूनच निघतो. मार्चपर्यंत तो दिला नाही, तर वरिष्ठ हा मळा उपटून टाकतील. आणि तुम्ही — नाकातमाल!"

त्याचं हसू मावळलं. "एक ओळ गेली... बाकीच्या नाही जाणार."

त्या ओळीतल्या नव्या पोंग्यांना मी पुन्हा फिती बांधल्या, आणि सेल्विन — हे त्याचं नाव — रोज फाटकावर उभा राहू लागला. पानांसाठी आलेला अर्धा गाव त्यानं परतवला.

"रागावलात की कपाळावर एक बारीक रेघ उमटते," तो एकदा म्हणाला. "किती दिवसांनी जाते, पाहतोय."

"कुणी सांगितलंय?"

"कुणी नाही... फुकटची हौस."

माझी नजर वारंवार फाटकाकडे वळते, याचाही मला संताप येई.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी त्याची आई, दोन्या तोमासा, ताटली घेऊन तणतणत आली. ताटलीत ॲल्युमिनियमच्या कागदात गुंडाळलेला नाकातमाल.

"या गाढवानं सख्ख्या आईला फाटकातून हाकललं! म्हणे, पानं इंजिनिअरबाईंची! खा, आणि सांग कसा झालाय."

मी घास घेतला. पानाचा ओलसर, हिरवा गंध कुठंच नव्हता. "वाईट झालाय, दोन्या तोमासा."

"खरं बोलतेस, तेवढं बरं!" मग ती लेकावर कडाडली, "हिच्यापायी आईला पत्र्यात शिजवायला लावलंस, आणि हिला अजून काही बोलला नाहीस?"

सेल्विनचे कान लालबुंद झाले. "बोलणार होतो... त्या रागावल्या होत्या."

"अजूनही रागावलेय," मी म्हणाले. छातीत मात्र काहीतरी पोंग्यासारखं उलगडत होतं. "मार्चनंतर फिती सुटतील. पुढच्या नाताळाला हवी तेवढी पानं कापा. बांधायला — मी येईन."

"पाहुणी म्हणून?" त्यानं अगदी हळू विचारलं.

"पाहुणीला कुणी कामाला बसवतं का?"