सात दुकानांचा साहेब

बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशी ती नेहमीसारखी पगार विभागात बसली होती, आणि चपलांच्या दुकानांचा एक डिस्ट्रिक्ट मॅनेजर चुकून तिच्या टेबलाशी येऊन ठेपला. जायचं होतं शेजारच्या खोलीत, साहेबांशी भांडायला. पण पगाराची चिठ्ठी त्याने तिच्याच पुढे धरली.

आपल्याच हुद्द्यावरच्या दुसऱ्याला दीडपट पगार कसा, हा त्याचा प्रश्न. तिने शांतपणे समजावलं. त्यांच्याकडे चौदा दुकानं, तुमच्याकडे सात. विक्री ठरल्यापेक्षा वर गेली की बोनस. तुमचं स्टँडजवळचं दुकान बाकीच्या सहांना खाली ओढतं. ते बंद करा, असं वरून दोनदा कळवलंय.

"तिथल्या दोघी बायकांच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत," तो म्हणाला. "तेवढं ओढू दे की."

"मग कुरकुर कशाला?"

"कुरकुर केली नसती तर... तुम्ही भेटला असता का?"

तिने मान खाली घालून हसू लपवलं. त्याच्या शर्टाला नव्या चामड्याचा वास येत होता.

संध्याकाळी तिने हे बाबांना सांगितलं. तेही याच हुद्द्यावरून निवृत्त झालेले. पोट धरून हसले. म्हणाले, हा गडी श्रीमंत काही व्हायचा नाही. मग दोघांनी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घातल्या. सकाळी बाबा उठले नाहीत.

तो भेटायला आला तेव्हा तिची आत्या एकटीच कपबश्या विसळत होती. तो बाह्या सरसावून तिच्या शेजारी उभा राहिला. पुढे दर महिन्याला काही ना काही शंका घेऊन येऊ लागला. प्रवासभत्ता कमी का, रजा कापली का... शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणायची, याचा पगार चुकतोय की डोकं? तुम्हीचं तू कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. पुढचं मात्र कुणीच बोलेना.

मग बढती आली. चौदा दुकानांचा जिल्हा, गाडीने नऊ तासांवर, पगार दीडपट. शिफारशीचा तक्ता तिनेच केला होता. याच्या हाताखालचं एकही माणूस तीन वर्षांत सोडून गेलेलं नाही, ही नोंद तिने प्रामाणिकपणे सगळ्यांत वर ठेवली होती. वरच्यांनी नेमकी तीच वाचली.

जेवणाच्या सुट्टीत त्याने पत्र तिच्यापुढे ठेवलं. होकाराची सही अजून केलेली नव्हती.

"काय करू?"

अभिनंदन, असं म्हणायला हवं होतं. ती दहा वर्षांची असताना बाबांनीही असाच लांबचा जिल्हा घेतला होता, तिच्याच शिक्षणासाठी. दर रविवारी दुपारी ती त्यांची बॅग दारापर्यंत नेऊन द्यायची आणि म्हणायची, सांभाळून जा. सहा वर्षं, तेवढंच.

"जाऊ नकोस," ती म्हणाली. "मला तू इथे हवा आहेस."

त्याने मोठा श्वास सोडला आणि समोरच्या खुर्चीत बसकण मारली. आठवडाभर झोप नाही, म्हणाला. तू अभिनंदन म्हणशील, या धास्तीने. तिलाही एकदम मोकळं वाटलं. डोळे भरून आले, पण आवाज स्थिर होता.

"मला बाबांनाही हेच म्हणायचं होतं," ती म्हणाली. "जाऊ नका. दर रविवारी म्हणायचं होतं."